चारशे सातचा चहा

"म्हणजे खरंखुरं हॉटेल?" बायकोने विचारलं.

"चार मजली. झुंबरं, गालिचे, पोहायचा तलाव."

"आणि भाडं?"

"भाडं कसलं? कामाला निघालोय मी तिथे." लिफ्ट मिस्त्रीने उगाचच आवाज खाली आणला. "दुरुस्तीसाठी बंद आहे ते. आत चिटपाखरू नाही. सोमवारपासून सात दिवस मी एकटा लिफ्ट खोलून बसणार. तुम्ही तिघींनी मागच्या दाराने यायचं, दिवसभर ऐटीत राहायचं आणि संध्याकाळी माझ्याबरोबर घरी."

"मालकाला विचारलंत?"

"त्यांनी सहीच घेतलीय माझी. बाहेरच्या कोणाला आत आणायचं नाही. आणलं तर हे काम गेलं आणि पुढच्या वर्षभराची देखभालही गेली."

"मग?"

"मग काय? तुम्ही बाहेरच्या कुठे? घरच्या आहात."

बायको औषधांच्या दुकानात काउंटरला उभी राहायची. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला सलग सात दिवस रजा मिळाली होती, तीही मुलींच्या उन्हाळी सुट्टीत. त्या सात दिवसांत समुद्रावर जायचं ठरलं होतं. पण गेल्या महिन्यात घराचं छत गळायला लागलं आणि समुद्राचे पैसे त्या पाण्यात वाहून गेले.

फुकटात सुट्टी घालवण्यात मिस्त्रीचा हात कोणी धरला नसता. मत्स्यालयाचं तिकीट महाग म्हणून त्याने मुलींना मासे विकणाऱ्याच्या दुकानात नेलं होतं. तिथे काचेच्या पेट्या कमी नव्हत्या आणि माशांची नावं किमतीसकट लिहिलेली होती. विमान दाखवायला त्याने विमानतळाच्या कुंपणाबाहेर डबा खायला बसवलं होतं. गेल्या वर्षी फर्निचरच्या थंडगार दुकानात सगळी दुपार काढली, तेव्हा धाकटी एका पलंगावर अशी गाढ झोपली की तिला उठवायला दोन सेल्समन आणि एक मॅनेजर लागला. बायकोने तेव्हाही काही म्हटलं नव्हतं. आता मात्र ती एवढंच म्हणाली, "हे माझे सात दिवस आहेत. लक्षात ठेवा."

मिस्त्रीने ते लक्षात ठेवलं, आणि सोमवारी सकाळी तिघींना मागच्या फाटकातून आत घेतलं. रखवालदार पुढच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा. मागच्या फाटकाशी आपला काही संबंध आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

आत शिरल्यावर मात्र तिघी दारातच थबकल्या. भोजनगृहात खुर्च्या पाय वर करून टेबलांवर पडल्या होत्या. सोफ्यांवर पांढऱ्या चादरी होत्या. झुंबरं कापडात गुंडाळून वर बांधली होती. खालून बघितलं तर कोणी मान टाकून लोंबकळत असल्यासारखी दिसत. बाहेर लख्ख ऊन होतं, पण जाड पडद्यांमधून आत येताना त्याचा रंग जुन्या फोटोसारखा पिवळट व्हायचा. आणि बोललं की आवाज लगेच संपत नसे. तो लांबच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन, जरा थांबून परत यायचा.

"मस्त आहे ना?" मिस्त्री म्हणाला.

"...आहे ना?" कोपरा म्हणाला.

नव्याची भीती तासाभरात गेली. पोहायचा तलाव कोरडा ठणठणीत होता, पण मुलींनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. त्या तळाच्या निळ्या फरशीवर पालथ्या पडून पोहायला लागल्या. धाकटी तर अधूनमधून बुडायचीही, आणि थोरली तिला केसांना धरून वाचवायची. बायकोने एका सोफ्यावरची चादर अर्धी बाजूला केली, पाय वर घेतले, आणि तीन वर्षांचा सुस्कारा एकदम सोडला. तो कोपऱ्यापर्यंत जाऊन आला.

दुपारी दोनपर्यंत मिस्त्री हा त्या कुटुंबातला सर्वांत शहाणा माणूस होता. दोन वाजून दहा मिनिटांनी घंटा वाजली.

स्वागताच्या काउंटरमागे भिंतीवर एक जुनी लाकडी पाटी होती. तिच्यावर प्रत्येक खोलीचा नंबर आणि नंबराखाली एक इवलासा दिवा. खोलीतल्या पाहुण्याने बटण दाबलं की इथे दिवा लागायचा आणि घंटा वाजायची. चौघं धावत तिथे आले, तेव्हा एकच दिवा लागला होता. चारशे सात.

"शॉर्ट झालंय कुठेतरी," मिस्त्री म्हणाला.

घंटा पुन्हा वाजली. दोनदा. मग जरा थांबून आणखी दोनदा.

"शॉर्ट असं थांबून थांबून वाजतं?" बायकोने विचारलं.

"जुनं असलं की वाजतं."

थोरली पाटीकडे बघत नव्हती. ती शेजारच्या किल्ल्यांच्या फळीकडे बघत होती. तिथे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या आपापल्या खिळ्याला टांगलेल्या होत्या. एक खिळा रिकामा होता. तिने नुसतं बोट दाखवलं.

तेवढ्यात लिफ्टचं दार बंद झालं. मिस्त्रीने ती चाचणीसाठी नुकतीच चालू करून तळमजल्यावर उभी केली होती. दारावरचे आकडे एकेक करून लागत गेले. एक. दोन. तीन. चार. मग वर कुठेतरी दार उघडल्याचा आवाज आला. कोणी बोलावल्याशिवाय लिफ्ट कुठे जात नाही, हे त्याला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. नेमकं तेच त्या क्षणी त्याला ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

"खाली बोलवा की तिला," बायको म्हणाली.

मिस्त्रीने बटण दाबलं, तेही हात लांब करून. लिफ्ट खाली आली. रिकामी. फक्त आत एक वास होता. औषधांच्या दुकानात वर्षं काढलेल्या बायकोने नाक पुढे केलं.

"बाम आहे," ती म्हणाली. "गुडघ्यांना लावायचा."

"भुताचे गुडघे दुखतात?" धाकटीने विचारलं.

"भूतबीत काही नसतं," मिस्त्री म्हणाला आणि त्या दिवशी सगळ्यांना पाचऐवजी तीनलाच घरी घेऊन गेला.

मंगळवारी त्याने लिफ्टचं काम सकाळी मुद्दाम तळघरातल्या मशीनपासून सुरू केलं. चौथ्या मजल्यापासून याहून लांब असं त्या इमारतीत काही नव्हतं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी घंटा वाजली. लिफ्ट वर गेली. बायकोनेच बटण दाबून ती खाली आणली.

आत जमिनीवर एक ट्रे होता. ट्रेमध्ये दोन कप पालथे घातलेले, आणि एक चिठ्ठी. हॉटेलच्याच छापील कागदावर, पण कागद इतका जुना की त्यावरच्या चित्रात हॉटेलसमोर टांगा उभा होता. अक्षर वळणदार, जरा थरथरतं:

"काल दुपारी पाच वेळा बेल वाजवली. कोणी आले नाही. दोन चहा पाठवणे. साखर एक चमचा. – खोली क्र. ४०७."

पडदा वाऱ्याशिवाय हलल्यासारखा वाटला, मग हलला नाही असंही वाटलं.

"मी रखवालदाराला सांगून येतो," मिस्त्री म्हणाला.

"काय सांगाल? की आम्हाला चिठ्ठी आली? 'आम्हाला' म्हणजे कोणाला, असं तो विचारेल."

हे खरं होतं. मिस्त्री खुर्चीवर बसला. ती पालथी आहे हे बसल्यावर त्याच्या लक्षात आलं.

बायकोने पिशवीतून थर्मास काढला. "चहा पाठवून देते."

"अगं, पण कोणाला?"

"ज्याने मागितला त्याला. माणूस असो नाहीतर आणखी कोणी, चहा वेळेवर मिळाला नाही की बिघडतो. आपण आधीच एक दिवस उशीर केलाय."

दोन कप भरून ट्रे लिफ्टमध्ये ठेवला. मिस्त्रीने चारचं बटण दाबून हात असा बाहेर ओढला की जणू आतून कोणी धरणार होतं. अर्ध्या तासाने घंटा एकदा वाजली. लिफ्ट खाली आली तेव्हा एक कप रिकामा, विसळून ठेवलेला होता. दुसरा काठोकाठ भरलेला, गार, वर साय धरलेली. त्याला कोणी ओठही लावला नव्हता. शेजारी घडी घातलेला टॉवेल आणि चिठ्ठी: "चहा ठीक. टॉवेल बदलणे."

"दुसरा कप कोणासाठी होता?" थोरलीने विचारलं.

बुधवारी मिस्त्री पुढच्या फाटकाशी गेला आणि रखवालदाराला एक विडी देऊन, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "चौथ्या मजल्यावर काय काम चाललंय का हो?"

"चौथ्यावर? छे! तिथली लाइट तोडलीय महिन्यापूर्वीच. पायऱ्या फुटल्यात म्हणून रविवारी संध्याकाळी सुताराने जिन्याला फळ्याही ठोकल्या. वर जाईल कोण?"

"नाही, मी आपलं सहज विचारलं. वर... चारशे सात म्हणून एक खोली आहे ना?"

रखवालदाराने विडी ओठातून काढली. "तिथे एक बाई उतरायच्या. दरवर्षी, याच आठवड्यात. नेहमी तीच खोली."

"आणि आता?"

"गेल्या म्हणतात."

"कुठे?"

"गेल्या," रखवालदार म्हणाला आणि विडी पुन्हा ओठात धरली.

मिस्त्रीने हे बायकोला सांगितलं नाही. पण त्याचा चेहरा बघून तिने विचारलं, आणि त्याने सांगितलं. तिच्या मांडीवर एक उशीचा अभ्रा होता. त्या दुपारच्या चिठ्ठीत "उशीचा अभ्रा बदलणे" असं होतं आणि ती कपाटातून काढलेल्या अभ्र्याच्या सुरकुत्या हाताने सपाट करत होती.

"तुम्ही वर जाऊन या," ती शेवटी म्हणाली.

"मी?"

"लिफ्ट तुमची आहे."

यावर नवरा म्हणून काही बोलता आलं असतं, पण मिस्त्री म्हणून नव्हतं. तो लिफ्टमध्ये शिरला. बोट चारवर नेलं. दाबलं तीन. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा समोर अंधारा व्हरांडा होता, त्यात चुन्याचा वास, आणि टोकाला जिन्यावर ठोकलेल्या फळ्या. फळ्यांच्या फटीतून वरचा उजेड पट्ट्यापट्ट्यांनी पडला होता. तो ऐकत उभा राहिला. मग डोक्यावर, छतापलीकडे, पावलं वाजली. एक पाऊल नीट. दुसरं फरपटत. एक नीट. दुसरं फरपटत. ती पावलं त्याच्या डोक्यावर आली आणि थांबली.

"वर काही नाही," खाली आल्यावर तो म्हणाला. "सगळं तपासलं."

"दीड मिनिटात?"

"लिफ्ट चांगली झालीय. वेग वाढलाय."

गुरुवारी खरं तर त्यांनी यायलाच नको होतं. पण बायको हट्टाला पेटली होती. समुद्र गेला तो गेला, आता हीसुद्धा सुट्टी कोणा बामवालीच्या भीतीने घरी बसून काढायची का, असं तिने विचारलं. शिवाय चहाचं काय? दुपारच्या आत मिस्त्रीच्या लक्षात आलं की बायको आता घड्याळाकडे बघून थर्मास भरते. थोरलीने काउंटरवर वही उघडून वरून आलेल्या मागण्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली होती. धाकटी पाटीखाली स्टूल टाकून बसायची आणि घंटा वाजली की "चारशे सा...त!" अशी आरोळी ठोकायची. ज्या हॉटेलात पाहुणे म्हणून राहायला आले होते, तिथे चौघंही नोकरीला लागले होते आणि पगार देणारा कोणी नव्हता.

त्याच दुपारी थोरलीला काउंटरच्या खणात पाहुण्यांच्या सह्यांची जुनी वही सापडली. तिने पानं मागे मागे उलटली. दरवर्षी हाच आठवडा, हीच खोली. माणसं दोन. आणि सही त्याच थरथरत्या, वळणदार अक्षरात. जितकी जुनी पानं, तितकी थरथर कमी. सर्वांत जुनी सही अगदी ताठ होती. ती सही आईच्या जन्माच्याही आधीची होती.

धाकटी तेव्हा तलावात पोहत होती. ती धावत आत आली. "आई, वरच्या खिडकीत कोणीतरी आहे. सगळं पांढरं आहे. केस मोकळे आहेत. माझ्याकडे बघत होतं."

"पडदा असेल," मिस्त्री म्हणाला.

"पडद्याने मला बघून तोंडावर हात ठेवला."

चार वाजता खाली कोणी चहा प्यायला नाही. वर मात्र दोन कप गेले, आणि नेहमीसारखा एक रिकामा, एक भरलेला परत आला.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता पुढच्या फाटकाशी रखवालदार ओरडला, "मालक आले हो!" मिस्त्रीला इशारा म्हणून नव्हे. तो मालकांना नेहमी तसाच सलाम करायचा. पण त्या ओरडण्याने अर्ध्या मिनिटाची सवड मिळाली. बायकोने मुलींना बखोटीला धरून भोजनगृहातल्या मोठ्या सोफ्यावर बसवलं, मध्ये स्वतः बसली आणि पांढरी चादर तिघींच्या डोक्यावरून ओढून घेतली.

मालक जाडजूड, अत्तर लावलेले आणि घाईतले होते. "काय मिस्त्री, लिफ्ट झाली का?"

"झालीच म्हणायची."

मालक हॉलमधून फिरत भोजनगृहाच्या दारात उभे राहिले. "हा सोफा एवढा फुगलाय कशाने?"

"दमट हवेने," मिस्त्री म्हणाला. "कापूस ओलावा धरतो."

सोफा शिंकला. मालकांनी वळून मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने रुमाल काढून नाक पुसलं. "धूळ फार आहे साहेब," तो म्हणाला. धूळ खरोखरच होती.

"चला, चालवून दाखवा लिफ्ट."

मिस्त्रीचा हात बटणाकडे जाईना. दारावर चारचा आकडा लागलेला होता. त्याने डोळे मिटून बटण दाबलं. तीन. दोन. एक. दार उघडलं. आत ट्रे, दोन कप, वर घडी घातलेला अभ्रा आणि त्यावर चिठ्ठी.

"हे काय?" मालक वाकले. त्यांनी चिठ्ठी उचलली, वाचली, आणि चष्मा काढून पुन्हा वाचली. चिठ्ठीत होतं: "यंदा सेवेत पुष्कळ सुधारणा आहे. चहा करणाऱ्या बाईंना शाबासकी द्यावी." मालकांच्या हातातला कागद आता मूळ अक्षरापेक्षा जास्त थरथरत होता.

"हे अक्षर मी ओळखतो," ते हळूच म्हणाले. "दरवर्षी तक्रारीचं पत्र यायचं मला या अक्षरात. गादी कडक, पाणी कोमट, टॉवेल पातळ. कधी एक शब्द चांगला लिहिला नाही त्या बाईंनी. यंदा हॉटेल बंद म्हणून मी त्यांना रीतसर कळवलं. पत्र परत आलं. न स्वीकारता. मी म्हटलं, वय झालं होतं, संपलं सगळं... मिस्त्री, ही चिठ्ठी कधीची आहे?"

"आजची," असं उत्तर आलं, पण ते मिस्त्रीने दिलं नव्हतं. भोजनगृहाच्या दारात एक उंच पांढरी आकृती उभी होती आणि तिच्या दोन बाजूंना दोन बुटक्या. बायको ऐकता ऐकता ताडकन उठली होती आणि डोक्यावरची चादर काढायची राहून गेली होती.

मालक अत्यंत सावकाश, अत्तराचा दरवळ सोडत, खाली बसले, मग आडवे झाले.

"पत्र परत आलं म्हणजे माणूस मेला असं कुठे आहे?" चादर बाजूला टाकत बायको नवऱ्याला म्हणाली. "जिला रोज बाम लागतो, जिला चहात साखर मोजून लागते, ती बाई गेलेली नाही. अडकलेली आहे. रविवारी संध्याकाळी फळ्या ठोकल्या ना? चला वर. आधी मालकांच्या तोंडावर पाणी मारा. मग चला."

थोरलीला मालकांपाशी आणि धाकटीला थोरलीपाशी बसवून दोघं लिफ्टमध्ये शिरले. या वेळी चारचं बटण बायकोने दाबलं.

चारशे सातचं दार अर्धवट उघडं होतं. खिडकीतल्या उन्हात एक म्हातारी बाई खुर्चीवर ताठ बसली होती. अंगावर पांढरं पातळ, पांढरे केस वाळायला मोकळे सोडलेले, गुडघ्यावर बामाची डबी. टेबलावर कोरड्या खाऊचे सात छोटे डबे रांगेत, त्यातले पाच रिकामे. दोघांना बघून तिने डबी घट्ट धरली.

"तुम्ही खालच्या आहात?" तिने विचारलं.

"हो आजी. तुम्ही... बऱ्या आहात ना?"

"तुमचे पाय दिसताहेत," आजी निरखून म्हणाल्या आणि एकदम सैल झाल्या. "मग त्या दोन मुली कोण? कोरड्या तलावात पोहतात त्या? पाणी नाही, काही नाही, आणि एक बुडते नि दुसरी तिला केस धरून काढते! चार दिवस बघतेय. रात्री डोळ्याला डोळा नाही. मी ठरवलं, आपण काही बघितलं नाही. सात दिवसांचे पैसे भरलेत, सात दिवस काढायचे."

"माझ्याच मुली आहेत त्या," बायको म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसली. तिला हसू येत होतं की रडू, ते मिस्त्रीला कळेना.

मग सगळं उलगडलं. चौथ्यावरची लाइट तोडली होती, पण घंटेची आणि लिफ्टची तार वेगळी, ती चालूच होती. खोली आजींनी सहा महिने आधी सुटीच्या सवलतीत घेतली होती. पैसे परत मिळणार नाहीत या अटीवर. मालकांचं पत्र आलं होतं, पण त्यावर तिकीट कमी लावलेलं. पोस्टमन वरचे पैसे मागायला लागला. "दुसऱ्याने लिहिलेलं पत्र मी पैसे देऊन का वाचू?" म्हणून त्यांनी ते घेतलं नाही. रविवारी दुपारी त्या आल्या तेव्हा पुढचं दार सताड उघडं होतं.

"मी हत्यारं आत नेत होतो," मिस्त्री ओशाळून म्हणाला.

"फाटकाशी रखवालदार नव्हता, काउंटरला कोणी नव्हतं. मी किल्ली घेतली आणि जिना चढून आले. एकेक पायरी, तासभर लागला. मग झोपले. संध्याकाळी कोणीतरी 'वर कोणी आहे का' म्हणून बोंबललं. अशा ओरडून विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही."

"पण आजी, लाइट नाही, माणूस नाही, जिन्याला फळ्या. तुम्हाला काही विचित्र वाटलं नाही?"

"चाळीस टक्के सूट होती," आजी म्हणाल्या. "मी म्हटलं, सेवा अशीच असणार."

"आणि लिफ्टने खाली का नाही आलात?"

आजींनी बामाचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "मी कधी बसले नाही तिच्यात. ट्रे ठेवते, तोही काठीने ढकलून. ते दार मिटतं ना, ते मला बघवत नाही." जरा वेळाने त्या म्हणाल्या, "कालपासून वाटत होतं, आठवडा संपल्यावर इथून उतरायचं कसं. चिठ्ठीत लिहिणार होते. पण टॉवेल मागणं वेगळं आणि 'मला भीती वाटते' असं लिहिणं वेगळं."

बायकोने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग मिस्त्रीला राहवलं नाही.

"आजी, तो दुसरा कप... तो कोणासाठी? म्हणजे, तुमच्याबरोबर कोणी..." त्याने खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे नजर टाकली.

"माझी बहीण."

"देवाघरी गेल्या?"

"घरी आहे. ठणठणीत. निघायच्या आदल्या दिवशी भांडली माझ्याशी, म्हणाली येत नाही. पण बुकिंग दोघींचं, भाड्यात दोन वेळचा दोन कप चहा धरलेला. मी पीत नाही दुसरा, झोप लागत नाही. म्हणून काय सोडायचा? हक्काचा आहे."

खाली आणताना आजींनी एका हाताने मिस्त्रीचं मनगट धरलं आणि दुसऱ्याने बायकोचं. मिस्त्रीने सबंध वाट बोलत काढली: ही दोरी एवढी जाड, हा ब्रेक असा लागतो, हे दार अडकलं तर असं उघडतं. पंचवीस वर्षांत त्याने लिफ्टची एवढी स्तुती कधी केली नव्हती. दुसऱ्या मजल्यावर आजींनी एक डोळा उघडला. पहिल्यावर दुसरा.

मालक तोवर उठून बसले होते आणि धाकटी त्यांना वहीने वारा घालत होती. लिफ्टमधून चारशे सातला चालत येताना बघून ते पुन्हा आडवे होण्याच्या बेतात होते, पण आजी म्हणाल्या, "उठा. गादी अजून कडकच आहे," आणि त्या वाक्याने त्यांची खात्री पटली की बाई जिवंत आहेत.

मालकांना मग घाम फुटला तो निराळा. पंच्याऐंशी वर्षांची बाई पाच दिवस फळ्या ठोकलेल्या मजल्यावर, लाइटशिवाय! बाहेर कळलं तर हॉटेल पुन्हा उघडायलाच नको. "या तिघी इथे काय करत होत्या?" असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. "बरं झालं तुम्ही होतात," एवढंच ते म्हणाले. पहिल्या मजल्यावरची सर्वांत मोठी खोली त्यांनी स्वतः उघडून दिली, लाइट जोडली, बाहेरून गरम जेवण मागवायची व्यवस्था केली.

"पलंग दोन आहेत," आजी खोली बघून म्हणाल्या. "भाडंही दोघींचं भरलंय. ही बाई राहील माझ्याबरोबर. रविवारपर्यंत."

"मी?" बायको म्हणाली.

"रजा आहे ना तुझी?"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. विचारण्यासाठी नव्हे, सांगण्यासाठी. मिस्त्रीने त्या संध्याकाळी दोन मुलींना घरी नेलं, स्वयंपाक केला, वेण्या घातल्या, त्या सुटल्या, पुन्हा घातल्या. शनिवारी दिवसभर तो लिफ्टने चहा पोचवत होता. दार ठोठावलं की आतून हसण्याचा आवाज थांबायचा, ट्रे आत घेतला जायचा आणि दार बंद व्हायचं. दोन्ही कप रिकामे परत यायचे. त्याला आत कोणी बोलावलं नाही.

रविवारी दुपारी आजींना त्यांच्या बसमध्ये बसवून दिलं आणि चौघं घरी जायच्या बसमध्ये बसले. बायकोच्या चेहऱ्यावर एक असा तजेला होता, जो मिस्त्रीने लग्नानंतर क्वचितच बघितला होता. त्याला वाटलं, हे आपलं श्रेय आहे. निदान काही भाग.

"काय, झाली ना सुट्टी?" तो म्हणाला. "आणि एक पैसा खर्च नाही."

"फारच छान झाली. पुढच्या वर्षीचं बुकिंगही केलं मी आत्ताच. मालकांनी निम्म्यात दिलं."

"अरे वा! चौघांचं?"

"दोघींचं," बायको खिडकीला डोकं टेकवत म्हणाली. "आजींचं आणि माझं."

एक मुलगी मिस्त्रीच्या खांद्यावर झोपली होती, दुसरी मांडीवर. दोन थांबे गेल्यावर त्याने विचारलं, "आणि आम्ही तिघं?"

बायकोने डोळे मिटलेलेच ठेवले. "अजून वर्ष आहे की," ती म्हणाली. "बघा काहीतरी फुकटातलं."